कडेवरचं नाव

दुपारची भांडी आवरून कुणी शेंगा फोडत, कुणी गोधडीला टाके घालत रेडिओ लावून बसला असाल. हात चालू द्या, कान तेवढे इकडे असू द्या. आज मी बोलणार आहे जुन्या पदकांविषयी. शर्यतीतली नव्हेत आणि फौजेतलीही नव्हेत. चित्रकला शिकवणाऱ्या शाळांनी शंभर-दीडशे वर्षांपूर्वी आपल्या विद्यार्थ्यांना बक्षीस म्हणून जी पदकं आणि धातूच्या छोट्या पाट्या दिल्या, त्यांची ही गोष्ट आहे. मी स्वतः नोकरीभर मुलांना चित्रकला शिकवली आणि जमेल तशी ही पदकं गोळा केली. जुन्या बाजारात, भंगाराच्या दुकानात, कुणाच्या मोडलेल्या संसाराच्या ट्रंकेत ती सापडतात. लोक विचारतात, दुसऱ्याची बक्षिसं घरात ठेवून तुम्हाला काय मिळतं? प्रश्न रास्त आहे. उत्तर जरा लांबचं आहे.

आधी पदक दिसतं कसं ते सांगते. कलाशाळेचं पदक गळ्यात घालायचं नसतं, त्यामुळे त्याला बहुतेक वेळा कडी नसते. जाडजूड गोल चकती असते, ब्राँझची, चांदीची, क्वचित सोन्याची. आपल्या आजीच्या बटव्यातला चांदीचा रुपया आठवा. तो तोळाभर वजनाचा. पदक त्याच्यापेक्षा बरंच मोठं आणि जाड, तळहातावर ठेवलं की हात जरा खाली जातो. एका बाजूला राजाचं किंवा राणीचं तोंड, दुसऱ्या बाजूला पानाफुलांची माळ नाहीतर हातात दिवा किंवा पुस्तक घेतलेली एखादी देवी. खाली मखमलीची डबी. पण मी पदक हातात घेतलं की आधी तोंडही बघत नाही आणि देवीही बघत नाही. मी ते आडवं धरते आणि त्याची कड बघते. कारण पुष्कळदा त्या बारीक कडेवर, नाहीतर मागच्या मोकळ्या जागेत, ज्याला ते मिळालं त्याचं नाव आणि साल कोरलेलं असतं. आपल्याकडे पोर कडेवर बसतं, तसं इथे नाव बसलेलं असतं.

आणि कधी कधी त्या नावाच्या आधी ‘मिस’ असतं. तिथून माझी खरी गोष्ट सुरू होते.

ही पदकं जास्तीत जास्त इंग्लंडमधली, म्हणून आधी तिकडे जाऊ. १८५१ साली लंडनमध्ये एक प्रचंड प्रदर्शन भरलं. काचेच्या महालात सगळ्या जगाचा माल मांडला होता. यंत्रं इंग्रजांची उत्तम होती, पण कापडावरची नक्षी, भांड्यांचे आकार, गालिचे यांत आपण मागे आहोत, असं त्यांच्याच जाणत्या लोकांना वाटलं. त्याच प्रदर्शनात हिंदुस्थानातून गेलेल्या कापडाचं आणि कारागिरीचं फार कौतुक झालं होतं, हे लक्षात ठेवा. प्रदर्शनातून जो नफा झाला त्यातून लंडनच्या साउथ केन्सिंग्टन भागात जमीन घेतली गेली आणि तिथे मोठं संग्रहालय उभं राहिलं. तिथूनच हेन्री कोल नावाच्या खटपट्या अधिकाऱ्याने सगळ्या देशातल्या चित्रशाळांचा कारभार हाती घेतला. गावोगावी चित्रकलेचे वर्ग निघाले. अभ्यासक्रम एकच, त्याचे २३ टप्पे. आधी सरळ रेघ, मग वळणं, मग भूमितीच्या आकृत्या, मग प्लास्टरचे पुतळे समोर ठेवून त्यांची छाया. एकेका चित्रावर मुलं महिनोन्‌महिने ठिपके देत बसत. खोडायला रबराऐवजी पावाचा तुकडा वापरत.

तुमच्या मुलामुलींनी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटची चित्रकला परीक्षा दिली असेल. स्थिरचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन. ती जी ठरावीक पायऱ्यांची पद्धत आहे ना, तिचं मूळ त्या साउथ केन्सिंग्टनच्या शिस्तीत आहे. मुंबईच्या कलाशाळेचा अभ्यास त्याच नमुन्यावर बेतला होता आणि तिथून तो महाराष्ट्रातल्या शाळाशाळांत उतरला. मी स्वतः ती पद्धत शिकवली. मुलांना ती कंटाळवाणी वाटायची, आणि मुलांचं फारसं चुकत नव्हतं.

तर दरवर्षी देशभरातल्या या वर्गांमधून निवडलेली चित्रं आणि नक्षीचे नमुने लंडनला जात. तिथे परीक्षक ते तपासत आणि पदकं जाहीर होत, ब्राँझ, रुपं, सोनं. यात एक गोष्ट मोठी होती. कापडावरची नक्षी, लेस, टाइल, पंखा, भिंतीचा कागद या सगळ्याला तिथे मान होता. जे काम बायका घरात करतच होत्या, त्याला पदक मिळू शकत होतं. आणि मुली ते मिळवतही होत्या.

केट ग्रीनअवे ही त्यातली एक. १८४६ साली लंडनमध्ये जन्मलेली. बाप लाकडावर चित्रं कोरणारा, कमाई अनिश्चित. घर सावरलं ते आईने. इस्लिंग्टन भागात तिने दुकान घातलं, मुलांचे कपडे, लेस, शिवणकामाच्या बारीकसारीक वस्तू. त्या दुकानावर घर चाललं आणि मुलीचं शिक्षण झालं. बचत गटातल्या तुम्हा बायकांना हे वेगळं सांगायला नको. केट बाराव्या वर्षापासून चित्रशाळेत जाऊ लागली आणि १८६९ साली टाइलवरच्या नक्षीसाठी तिला रुप्याचं पदक मिळालं. पुढे १८७९ मध्ये तिचं लहान मुलांचं पुस्तक निघालं, त्याच्या पहिल्या छपाईच्या २०,००० प्रती हां हां म्हणता संपल्या. तिच्या चित्रांतले झालरींचे झगे आणि टोपड्या पाहून आया आपल्या मुलांना तसेच कपडे शिवू लागल्या. आईच्या दुकानातला माल लेकीच्या चित्रात उतरला, असं मला नेहमी वाटतं.

पण सगळ्याच शाळांत मुलींना असा शिरकाव नव्हता. मुलींसाठी लंडनला १८४२ मध्ये वेगळी शाळा काढली होती, फॅनी मॅकइअन नावाच्या चित्रकार बाई तिच्या पहिल्या प्रमुख. हेतू असा की घरात कमावता पुरुष नसलेल्या मुलींना नक्षीकाम करून पोट भरता यावं. आधी ती मुलांच्या शाळेच्या इमारतीत होती, मग जागा कमी पडते म्हणून मुलींनाच बाहेर काढलं आणि रस्त्यापलीकडच्या अपुऱ्या खोल्यांत बसवलं. मुलांना हलवावं असं कुणाला सुचलं नाही. ही शाळा पुढे आणखी दोनदा हलली, तगली, राणीचा आश्रय तिला मिळाला आणि १९०८ मध्ये ती दुसऱ्या मोठ्या शाळेत मिळून गेली.

आता जी गोष्ट मी दर वेळी सांगते, ती येते. लंडनमध्ये चित्रकारांची सर्वांत मानाची संस्था होती रॉयल अकॅडमी. १७६८ साली स्थापन झालेली. तिच्या संस्थापकांमध्ये दोन बायका होत्या, अँजेलिका कॉफमन आणि मेरी मोझर. फुलं रंगवण्यात मोझरबाईंचा हात धरणारं कुणी नव्हतं. थोड्याच वर्षांनी योहान झोफानी नावाच्या चित्रकाराने सगळ्या सभासदांचं एकत्र चित्र काढलं. पुरुष मंडळी वर्गात जमली आहेत, समोर उघड्या अंगाचा मॉडेल बसला आहे, असा तो प्रसंग. मग तिथे बायका कशा दाखवायच्या? त्याने युक्ती काढली. त्या दोघींची तोंडं मागच्या भिंतीवर टांगलेल्या तसबिरी म्हणून रंगवली. संस्था काढणाऱ्या बायका भिंतीवर आणि पुरुष खोलीत. ग्रामपंचायतीच्या बैठकीत सरपंच बाईची सही वहीवर असते आणि खुर्चीत तिचा नवरा बसलेला असतो, ते पाहिलं की मला हे चित्र आठवतं.

त्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षं अकॅडमीच्या शाळेत एकही मुलगी विद्यार्थी म्हणून गेली नाही. मुलींना घ्यायचं नाही असा लेखी नियम नव्हता, बरं का. नियमच नव्हता, कारण त्या येतील असं कुणाच्या मनातच आलं नव्हतं. १८५९ साली अकॅडमीच्या मेजवानीत लॉर्ड लिंडहर्स्ट यांनी भाषण केलं, की ही शाळा राणीच्या सर्व प्रजेला फुकट शिक्षण देते. लॉरा हर्फर्ड नावाच्या चित्रकार बाईंनी हे नेमकं पकडलं. सर्व प्रजा म्हणता, तर निम्मी प्रजा कुठे आहे? त्याच वर्षी ३८ बायकांनी सही करून अकॅडमीच्या सभासदांना अर्ज पाठवला होता. उत्तर असं मिळालं, की मुली आल्या तर मॉडेल समोर ठेवून काढायच्या चित्रांसाठी वेगळे वर्ग करावे लागतील, ते शक्य नाही.

मग १८६० मध्ये प्रवेशासाठी एक चित्र आलं. खाली सही होती ‘ए. एल. हर्फर्ड’. चित्र चांगलं होतं. परीक्षकांनी ते पसंत केलं आणि ‘ए. एल. हर्फर्ड, एस्क्वायर’ यांना पत्र धाडलं. आपल्याकडे ‘श्रीयुत’ लिहावं तसं. ए म्हणजे ॲनी, एल म्हणजे लॉरा. श्रीयुत हर्फर्ड दारात उभे राहिले ते स्कर्ट नेसून. आता काय करणार? नियमात मनाई नाही, चित्र तुम्हीच निवडलेलं. बाईंना घ्यावं लागलं.

एकदा दार किलकिलं झालं आणि मागोमाग दुसऱ्या मुली आल्या. त्या पाहून अकॅडमी घाबरली आणि १८६३ मध्ये नवीन मुली घेणं काही वर्षं बंदच केलं. पण ज्या आत शिरल्या होत्या त्यांत लुईझा स्टार होती. वय जेमतेम सतरा-अठरा. अकॅडमीत सोन्याचं पदक हा सर्वांत मोठा मान. १८६७ साली ते पदक पुराणप्रसंगाच्या चित्रासाठी लुईझा स्टारला मिळालं. बायबलमधला डेव्हिड, राक्षसाचं मुंडकं घेऊन राजा सॉलपुढे उभा आहे, असा विषय. सोन्याचं पदक घेणारी ती पहिली स्त्री. तेव्हा ती अवघी बावीस वर्षांची. १८७१ मध्ये जेसी मॅकग्रेगर हिने तेच पदक दुसऱ्यांदा एका स्त्रीच्या नावावर आणलं.

यातली खोच लक्षात घ्या. मॉडेल समोर बसवून मनुष्याचं शरीर काढायला मुलग्यांना शिकवत होते, मुलींना त्या वर्गात जाऊ देत नव्हते. तिथल्या मुलींना अर्धवट कपड्यातल्या मॉडेलवरून शिकायची परवानगी मिळाली ती १८९३ मध्ये. म्हणजे लुईझाने पदक मिळवल्यावर पंचवीसहून जास्त वर्षांनी. ज्या विद्येची परीक्षा घेतली जात होती, ती विद्या तिला पुरती शिकवलेलीच नव्हती. एक हात बांधून कुस्ती खेळायला लावावं आणि तरी तिने गडी चीत करावा, तसं हे.

पदक मिळालं म्हणून सभासदत्व मिळालं का? नाही. १८७९ मध्ये एलिझाबेथ थॉम्प्सन, लढाईची चित्रं काढणारी, दोन मतांनी पडली. अँजेलिका कॉफमन आणि मेरी मोझर यांच्यानंतर पूर्ण सभासद म्हणून निवडून आलेली पहिली बाई लॉरा नाइट, साल १९३६. मध्ये दीडशेहून जास्त वर्षं गेली. फ्रान्समध्येही वेगळं काही नव्हतं. पॅरिसच्या सरकारी कलाशाळेने मुलींना १८९७ मध्ये घेतलं, तिथला रोमचा मोठा पुरस्कार त्यांना १९०३ मध्ये खुला झाला आणि १९११ मध्ये ल्युसिएन उव्हलमान्स या शिल्पकार स्त्रीने तो पटकावला. लंडनमध्ये एक शाळा मात्र शहाणी निघाली. स्लेड स्कूल, १८७१ मध्ये सुरू झाली ती मुलामुलींना बरोबरीने घेऊनच. तिथे लग्रो नावाचे फ्रेंच शिक्षक पदक घडवण्याची कला शिकवत आणि त्यांच्या हाताखाली एलिनॉर हाले आणि इतर मुलींनी स्वतः पदकं घडवली. बक्षीस घेणाऱ्या बायकांबरोबर बक्षीस घडवणाऱ्या बायकाही आल्या.

पदक घडवतात कसं, तेही सांगते. दोन रीती आहेत. एक ओतीव. मेणात आकार करायचा, त्यावरून साचा घ्यायचा आणि त्यात वितळलेला धातू ओतायचा. आपले तांबट-कासार हे ओळखतात. असं पदक जरा मऊ, थोडं ओबडधोबड लागतं हाताला. दुसरी रीत ठशाची. पोलादाच्या ठोकळ्यात उलटी आकृती खोदायची, तो ठोकळा तापवून पाणी द्यायचं, मग धातूची चकती दोन ठशांमध्ये ठेवून दाबयंत्राखाली दाबायची. मोदकाच्या साच्यासारखंच, फक्त इथे पुरणाऐवजी चांदी. उठाव मोठा असेल तर एका दाबात काम होत नाही, चकती पुन्हा तापवून मऊ करायची आणि पुन्हा दाबायची. पुढे असं यंत्र आलं की मोठ्या ताटाएवढा नमुना करायचा आणि यंत्राची सुई त्यावरून फिरत राहून दुसऱ्या टोकाला तेच चित्र लहान करून कोरत जायची. त्यामुळे शिल्पकारांना मोकळा हात मिळाला, आणि गोल चकतीशिवाय चौकोनी, लांबट पाट्याही निघू लागल्या. फ्रान्समध्ये त्यांची फार हौस होती.

त्या हौशीतला सर्वांत नावाजलेला कारागीर ऑस्कर रोती. त्याची एक आकृती शेतकरी बाईने बघावी अशीच आहे. डोक्याला टोपी, खांद्याला बियाण्याची झोळी, एक हात लांब करून बी फेकत चालणारी बाई आणि मागे उगवता सूर्य. हे चित्र त्याने १८८७ मध्ये फ्रान्सच्या शेतकी खात्याच्या बक्षीस-पदकासाठी योजलं होतं. पदकाचं तेव्हा जमलं नाही, पण दहा वर्षांनी ती पेरणारी फ्रान्सच्या नाण्यांवर आली आणि पुढे २०२४ पर्यंत तिथल्या दहा, वीस आणि पन्नास सेंटच्या नव्या नाण्यांवरही ती पेरत राहिली. तेव्हाही लोकांनी खोड काढली होती, की तिचे केस आणि झगा मागे उडताहेत, म्हणजे ही वाऱ्याच्या तोंडावर बी फेकते आहे. पाभरीच्या मागे चाललेल्या, चाड्यावर मूठ धरणाऱ्या तुमच्यापैकी कुणालाही ते चित्र दाखवलं असतं तर पहिल्या नजरेत हेच सांगितलं असतं. पण दिसायला ती सुंदर आहे, आणि बायकांच्या कामाला नाण्यावर जागा मिळाली हे मला आवडतं.

आता आपल्याकडे येऊ. मुंबईची सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ मध्ये सुरू झाली, जमशेटजी जीजीभाई यांनी दिलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीतून. १८६५ मध्ये लॉकवुड किपलिंग आणि जॉन ग्रिफिथ्स हे शिक्षक इंग्लंडहून आले. त्यांच्याबरोबर पुतळे, परीक्षा आणि पदकं ही सगळी रीत पक्की झाली. शाळेत लॉर्ड मेयो यांच्या नावाचं पदक होतं, ज्या व्हाइसरॉयचा १८७२ मध्ये अंदमानात खून झाला, तेच हे. या मेयो पदकाचा मान इतका की जुन्या चित्रकारांच्या चरित्रात ते मिळाल्याची ओळ हटकून येते. शाळेबाहेर १८८८ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटी निघाली, तिची वार्षिक प्रदर्शनं भरत आणि तिथेही पदकं देत. १८९५ मध्ये तिचं सोन्याचं पदक महादेव विश्वनाथ धुरंधरांना मिळालं, कोल्हापूरचा मुलगा, जे.जे.मध्ये शिकून पुढे तिथेच शिक्षक झाला. लगेच पुढच्या वर्षी गणपतराव म्हात्रे या अगदी तरुण मुलाने ‘मंदिरपथगामिनी’ हा पुतळा केला, नऊवारी नेसून देवळाकडे निघालेली तरुणी, आणि त्याला सोसायटीचं रुप्याचं पदक मिळालं. अलिबागजवळच्या सासवणे गावचा, गणपती करणाऱ्या घरातला मुलगा विनायक करमरकर असाच शिकून मोठा शिल्पकार झाला. सासवण्याला त्यांचं घर आता संग्रहालय आहे. सहल काढणार असाल तर तिथली कोळीण बघा, आणि म्हैस बघा. म्हैस बघून तुम्ही दूध काढायला भांडं शोधाल.

पण यात बायका कुठे? चित्रांत आणि पुतळ्यांत खूप, पदक घेणाऱ्यांत फार थोड्या. धुरंधरांनी तर एका इंग्रज अधिकाऱ्याच्या १९२० सालच्या पुस्तकासाठी देशातल्या तऱ्हेतऱ्हेच्या बायका रंगवल्या. त्यांच्याच घरात मुलगी अंबिका, जन्म १९१२ चा, वडिलांच्या मागून हिंडत चित्रं काढू लागली. १९३१ मध्ये ती जे.जे.ची पदविका घेऊन बाहेर पडली. इतकी पुढे गेलेल्या स्त्रिया तेव्हा बोटांवर मोजण्याइतक्या. तिने लग्न केलं नाही, जन्मभर चित्रं काढली आणि नव्वदी ओलांडेपर्यंत जगली. आपल्या आठवणी तिने ‘माझी स्मरणचित्रे’ या नावाने लिहून ठेवल्या, हे फार मोठं काम केलं. पुष्कळ जणींचं मागे काहीच राहिलं नाही. गोव्याच्या चित्रकार त्रिंदादे यांची मुलगी अँजेला हीदेखील जे.जे.ची, तीही वडिलांच्या हाताखाली वाढलेली. पाहा, दोघींचे बाप त्याच शाळेतले. ज्या मुलींच्या घरी असं कुणी नव्हतं त्यांचं काय झालं असेल, हे मी जमवलेल्या पदकांवरूनही कळत नाही.

मग १९३७ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचं सोन्याचं पदक अमृता शेरगिलला मिळालं. वय चोवीस. ती पॅरिसच्या त्याच सरकारी कलाशाळेत शिकून आली होती, जिथे चाळीस वर्षांपूर्वीपर्यंत मुलींना प्रवेश नव्हता. १९३३ मध्ये पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनातही तिने सोन्याचं पदक घेतलं होतं. मुंबईत ज्या चित्राला मान मिळाला त्याचं नाव ‘तीन मुली’. तीन मुली शेजारी बसल्या आहेत, लाल, हिरवे, पिवळसर रंग, दागिने जवळजवळ नाहीत, कुणी कुणाशी बोलत नाही. पुढे काय होणार ते आपल्याला विचारलं जाणार नाही, हे त्यांना कळलंय, असे चेहरे आहेत. लग्न ठरलेल्या मुलीचा असा चेहरा तुम्ही पाहिला असेल.

आता जमवण्याविषयी. सोन्याची पदकं फार कमी सापडतात, आणि त्याचं कारण साधं आहे. ती वितळवली गेली. घरात अडचण आली की सोनं आधी जातं. रुप्याचंही तेच. माझ्या एका मावशीला लग्नाआधी चित्रांच्या प्रदर्शनात रुप्याचं पदक मिळालं होतं. तिच्या मुलीच्या लग्नात सोनाराकडे जुनी चांदी द्यायची होती, त्यात ते गेलं, आणि जोडवी आली. मावशी सांगताना हसायची. पदक कुठल्या चित्राला मिळालं हे तिच्या मुलांपैकी एकालाही सांगता येत नव्हतं. ब्राँझची पदकं टिकली, कारण त्यांना मोड येत नाही.

दुसरी अडचण नावाची. समजा कडेवर कोरलं आहे ‘मिस’ अमुक, १८८० सालचं. पुढे तिचं लग्न झालं आणि नाव बदललं. पदकावर एक बाई आणि संसारात दुसरी बाई. दोघी एकच, हे जुळवायला शाळेच्या वह्या, जुने अहवाल, लग्नाच्या नोंदी चाळाव्या लागतात. लुईझा स्टारसुद्धा लग्नानंतर कानझिआनी झाली. ती नामांकित होती म्हणून धागा तुटला नाही. पुरुषाच्या नावाचं पदक दुकानदार जपून ठेवतो, कारण तो कुणीतरी असेल. ‘मिस’ लिहिलेलं तो स्वस्तात देऊन टाकतो. मला त्याचा फायदा होतो, हे मी नाकारत नाही, पण भाव ऐकून बरं वाटत नाही.

तिसरी गोष्ट स्वच्छतेची, आणि इथे मी जरा रागावूनच बोलणार आहे. जुनं पदक मिळालं की चिंच लावून, राखेने घासून लख्ख करू नका. देवाची भांडी वेगळी. ब्राँझवर काळपट तपकिरी रंगाचा जो थर असतो तो पुष्कळदा कारागिराने मुद्दाम दिलेला असतो, आणि घासण्याने आधी जाते ती कडेवरची बारीक अक्षरं. मऊ कोरड्या फडक्याने पुसा, कडेने धरा, प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका, सुती कापडात गुंडाळा. डबी फाटकी असली तरी टाकू नका. झाकणाच्या आत दुकानाचं किंवा शाळेचं नाव छापलेलं असतं, कधी चिठ्ठी सापडते. आणि खोटी पदकंही असतात. खऱ्यावरून साचा घेऊन ओतलेलं पदक किंचित लहान भरतं, कारण धातू थंड होताना आकसतो, आणि अक्षरांच्या कडा विरघळलेल्या साबणासारख्या दिसतात. शेजारी खरं असलं तर लगेच कळतं.

तुमच्या घरातही शोधा. पदकच हवं असं नाही. सासूबाईंना शेतकी प्रदर्शनात मिळालेला बिल्ला असेल, आजीला शिवणाच्या वर्गात मिळालेली ढाल असेल, रांगोळीच्या स्पर्धेतली पितळेची पाटी असेल. ती हातात घेऊन त्यांना विचारा, हे कशाबद्दल मिळालं, कुणी दिलं, तेव्हा तुमचं नाव काय होतं, माहेरचं नाव सांगा. सांगतील ते वहीच्या कागदावर लिहा, तारीख घाला, आणि तो कागद त्या वस्तूबरोबरच गुंडाळून ठेवा. गटाच्या पुढच्या बैठकीला दोन-चार जणींनी आणलं तर एका दुपारचं काम होईल. माझ्याकडच्या ‘मिस’ लिहिलेल्या पदकांपैकी तिघींचं पुढचं नाव मला आतापर्यंत सापडलं आहे. बाकीच्यांचा शोध चालू आहे.